स्विचवर एमटीयू वाढवताना: १५०० वरून ९००० वर जायची माझी पद्धत

भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या सर्व्हर रूममधली गोष्ट आहे. एक स्टोरेज, त्याला आयस्कझीवरून (नेटवर्कवरून डिस्क जोडायची पद्धत) जोडलेले तीन होस्ट म्हणजे सर्व्हर, मध्ये दोन स्विच, आणि स्टोरेजच्या व्हीलॅनवर (त्याच स्विचवर वेगळं काढलेलं नेटवर्क) सगळीकडे एमटीयू, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या एका फ्रेममध्ये, एका गठ्ठ्यात, मावणाऱ्या मालाची मर्यादा, ९००० बाइट करून ठेवलेला. वर्षभर व्यवस्थित चाललं. मग एक स्विच गेला, त्याच्या जागी दुसरा आला, कॉन्फिगचा बॅकअप होता तो चढवला, लाइटी हिरव्या झाल्या, पिंग लागलं, सगळे घरी गेले. रात्री बॅकअपचा जॉब सुरू झाला आणि शून्य टक्क्यावरच बसून राहिला. कुठे एरर नाही, लिंक पडलेली नाही, स्टोरेजचं वेब पेज उघडतंय, एसएसएचने लॉगिनसुद्धा होतंय, पण आत गेल्यावर एखाद्या मोठ्या फोल्डरची यादी मागितली की स्क्रीन तिथंच गोठते.

सकाळी जाऊन एका लिनक्स होस्टवरून डोण्ट फ्रॅगमेंट (तुकडे करू नको) लावून ८९७२ साइजचे, म्हणजे हेडर धरून ९००० चे, पाच पिंग सोडले, एकही परत आलं नाही. १४७२ चे, म्हणजे हेडर धरून १५०० चे, पाच सोडले, पाचही आले. मग नव्या स्विचवर त्या पोर्टचे एरर काउंटर उघडले, जायंट्सच्या (मर्यादेपेक्षा मोठ्या फ्रेमच्या) रकान्यात जो आकडा होता तो वहीत लिहून घेतला, परत ८९७२ चे पाच पिंग सोडले, आणि आकडा बरोब्बर पाचने वाढला. नवा स्विच फॅक्टरीतून आला तसाच १५०० वर होता आणि मोठी फ्रेम आली की गपचूप टाकून देत होता. आमच्यापैकी कोणीच एमटीयूचा आकडा कुठे लिहून ठेवलेला नव्हता, आणि स्विच बदलल्यावर तपासायच्या यादीतही तो नव्हता.

तेव्हापासून मी हे काम ठरावीक क्रमानेच करतो, तो क्रम इथे सविस्तर लिहितोय. कमांडी देवनागरीत लिहिल्यात, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करायच्या.

आधी आकडे नीट समजून घ्या, अर्धी भांडणं इथंच आहेत

एमटीयू १५०० म्हणजे इथरनेट फ्रेमच्या पोटात जो माल जातो तो जास्तीत जास्त १५०० बाइट. त्यात आयपीचा हेडर, टीसीपीचा हेडर आणि तुमचा डेटा हे सगळं आलं. त्याच्या बाहेर इथरनेटचा स्वतःचा हेडर १४ बाइटचा, म्हणजे ६ कुणाकडे जायचं, ६ कुणाकडून आलं, २ आत काय आहे, आणि शेवटी ४ बाइटचा चेकसम. झाली फ्रेम १५१८ ची. व्हीलॅनचा टॅग असेल तर अजून ४, म्हणजे १५२२. टॅगवर टॅग असेल तर १५२६. यात तारेवरचा प्रिअँबल आणि दोन फ्रेमच्या मधली रिकामी जागा असे २० बाइट धरलेले नाहीत, पण ते कुठलाच स्विच एमटीयूत मोजत नाही.

आता गंमत अशी की प्रत्येक कंपनीच्या स्विचवर जो आकडा टाकायचा असतो तो सारखं मोजून येत नाही. सिस्कोच्या स्विचवर साधारणपणे आतला मालच मोजतात, म्हणजे डीफॉल्ट १५०० दिसतो. ज्युनिपरवर इंटरफेसचा एमटीयू मोजताना इथरनेटचा १४ बाइटचा हेडर आत धरतात पण शेवटचा चेकसम धरत नाहीत, म्हणून तिथे डीफॉल्ट १५१४ दिसतो. मायक्रोटिकवर दोन वेगळे आकडे असतात, एक एमटीयू आणि एक एलटू-एमटीयू, यातल्या एलटू-एमटीयूमध्ये १४ चा हेडर नाही पण टॅग मात्र मोजला जातो. विंडोजमध्ये बऱ्याच नेटवर्क कार्डांच्या ड्रायव्हरमध्ये जंबो (म्हणजे १५०० पेक्षा मोठं) पॅकेट म्हणून ९०१४ असा पर्याय असतो, तो म्हणजे ९००० अधिक १४, वेगळं काही नाही. एकाने ज्युनिपरवर ९००० टाकायचं, दुसऱ्याने सिस्कोवर ९०००, आणि दोघांनी मनापासून म्हणायचं की आमच्याकडे सारखंच आहे, हे मी बघितलंय. ज्युनिपरवर ९००० टाकलं तर आयपीच्या वाट्याला ८९८६ च उरतात.

म्हणून माझा नियम साधा आहे. स्विचवर तो बॉक्स झेपवू शकेल तो मोठ्यात मोठा आकडा टाकायचा, ९२१६ म्हणा, ९१९८ म्हणा, जो काय असेल तो. आणि होस्ट, स्टोरेज, राउटिंगचे इंटरफेस, म्हणजे ज्यांना ज्यांना आयपी अॅड्रेस आहे त्या सगळ्यांवर एकच आकडा ठेवायचा, आयपीच्या हिशोबाने ९०००. स्विच म्हणजे दरवाजा, तो मोठा असला तर कुणाचं काही बिघडत नाही, लहान असला तर माल अडकतो. वरचे २०० बाइट टॅगला आणि टनेलच्या हेडरला कामी येतात.

९००० च का, तर १९९८ च्या आसपास अल्टिऑन नावाच्या कंपनीने गिगाबिट कार्डांबरोबर मोठ्या फ्रेमची कल्पना पुढे आणली. एनएफएसचा (नेटवर्कवरून फाइल वाटायची पद्धत) ८ केबीचा ब्लॉक हेडरसकट एकाच फ्रेममध्ये मावला पाहिजे हा एक हिशोब, आणि इथरनेटचा ३२ बिटी चेकसम साधारण ११ हजार बाइटपर्यंत चुका पकडायला भरवशाचा राहतो हा दुसरा. इथरनेटचं स्टँडर्ड ठरवणाऱ्या आयट्रिपलईने मात्र ९००० कधीच स्टँडर्डमध्ये घेतलं नाही, २००६ मध्ये फ्रेमची कमाल मर्यादा २००० बाइटपर्यंत नेली ती टॅग आणि बाकीच्या आवरणांसाठी, माल १५०० च राहिला. स्टँडर्ड नाही म्हणूनच प्रत्येक कंपनीचा कमाल आकडा वेगळा, ९०००, ९१९८, ९२१६, काही ठिकाणी अजून मोठा.

फायदा किती, हे आधी बघा

गिगाबिट लिंकवर १५०० च्या हिशोबाने प्रत्येक फ्रेम तारेवर १५३८ बाइटची जागा घेते आणि त्यात टीसीपीचा खरा डेटा १४६०, म्हणजे साधारण ९४.९ टक्के. ९००० ला तारेवर ९०३८ आणि डेटा ८९६०, म्हणजे ९९.१ टक्के. सेकंदाला ९४९ मेगाबिटच्या जागी ९९१. चार-साडेचार टक्के वाढ, बस्स. कुणी तुम्हाला स्पीड दुप्पट होईल सांगत असेल तर ऐकू नका.

खरा फायदा फ्रेमच्या संख्येत आहे. दहा गिगाबिटची लिंक १५०० ने पूर्ण भरायला सेकंदाला ८ लाख १२ हजार फ्रेम लागतात, ९००० ने १ लाख ३८ हजार. प्रत्येक फ्रेममागे सीपीयूला, ड्रायव्हरला, स्टोरेज कंट्रोलरला काहीतरी काम असतंच, ते सहापट कमी होतं. आता हेही खरं की आजकालची नेटवर्क कार्डं टीसीपीचे मोठे तुकडे स्वतःच कापतात आणि स्वतःच जोडतात, त्यामुळे बऱ्यापैकी नव्या सर्व्हरवर जंबोचा फरक पूर्वीइतका जाणवत नाही. माझं मत विचाराल तर आयस्कझी, एनएफएस, बॅकअप, व्हर्च्युअल मशीन इकडून तिकडे हलवणं, एडिटिंगवाल्यांचं सामायिक स्टोरेज, एवढ्यांसाठी जंबो करा. ऑफिसातले पीसी, प्रिंटर, वायफाय, कॅमेरे, आयपी फोन यांच्यासाठी करू नका. इंटरनेटला जाणाऱ्या व्हीलॅनवर तर अजिबातच नको, पलीकडे १५०० च आहे.

याशिवाय एक कारण आहे जिथे एमटीयू वाढवणं ऐच्छिक राहत नाही. व्हीएक्सलॅन (एका नेटवर्कच्या पोटातून दुसरं नेटवर्क नेणारं टनेल) वापरत असाल तर प्रत्येक पॅकेटवर ५० बाइटचं आवरण चढतं, म्हणजे आतल्या मशीनला १५०० द्यायचे तर खालच्या नेटवर्कला किमान १५५० पाहिजेत. व्हीएमवेअरच्या एनएसएक्स या व्हर्च्युअल नेटवर्कच्या सॉफ्टवेअरमध्ये किमान १६०० सांगतात ते अशाच आवरणासाठी. तिथे वाढवलं नाही तर स्पीड सोडा, मोठी पॅकेटं जाणारच नाहीत.

कागद घ्या आणि वाट काढा

की-बोर्डला हात लावायच्या आधी हे करा. होस्टपासून स्टोरेजपर्यंत पॅकेट कुठून कुठून जातं ते कागदावर काढा. होस्टचं कार्ड, होस्टच्या आतला व्हर्च्युअल स्विच, त्यावरचा स्टोरेजचा इंटरफेस, रॅकमधला स्विच, तिथून वरचा अपलिंक, पोर्ट चॅनल (अनेक तारा जोडून बनवलेली एक लिंक) असेल तर त्यातली प्रत्येक तार, दुसरा स्विच, स्टोरेजचे पोर्ट. मध्ये कुणी सोय म्हणून लावलेला आठ पोर्टचा छोटा स्विच किंवा मीडिया कन्व्हर्टर असेल तर तोही. पॅच कॉर्ड हातात धरून शेवटपर्यंत जाऊन बघा, डायग्रामवर विश्वास ठेवू नका. प्रत्येक ठिकाणी आत्ताचा आकडा लिहा आणि शेजारी नवा आकडा लिहा.

जमलं तर स्टोरेजला वेगळा व्हीलॅन असू द्या ज्याला गेटवेच नाही. कारण एकाच व्हीलॅनवर अर्धी मशीनं ९००० ची आणि अर्धी १५०० ची असली की डोकेदुखी सुरू होते. टीसीपी सुरुवातीलाच एकमेकांना आपला आकडा सांगतं आणि लहान तो धरून चालतं, म्हणून दोन मशीनमध्ये टीसीपीचं बऱ्याचदा निभावून जातं, पण असं काही न विचारता पॅकेट सोडणाऱ्या यूडीपीवाल्यांचं निभत नाही. आणि मधला स्विच लहान असेल तर टीसीपीला ते कळायचा मार्गच नाही, कारण दोन्ही टोकांनी एकमेकांना मोठाच आकडा सांगितलेला असतो.

इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. मोठं पॅकेट राउटरपाशी आलं आणि पुढची वाट लहान असेल तर राउटर आयसीएमपीने (पिंग ज्यावर चालतं ती निरोपांची पद्धत) उलट निरोप पाठवतो की बाबा तुकडे कर, माझ्याकडे एवढंच मावतं. १९९० च्या आरएफसी ११९१ मध्ये ही पद्धत ठरली. पण लेयर टूचा, म्हणजे फक्त इथरनेटचा पत्ता बघणारा, स्विच आयपीच्या भानगडीत पडतच नाही, त्याच्याकडून निरोप यायचा प्रश्नच नाही, तो फ्रेम टाकतो, काउंटर एकने वाढवतो आणि पुढच्या कामाला लागतो. भोसरीत रात्रभर हेच चाललं होतं. छोटी पॅकेटं जात होती म्हणून लॉगिन होत होतं, डेटाची पहिली भरलेली फ्रेम निघाली की ती पडायची, परत पाठवायची, परत पडायची.

क्रम: वाढवताना आधी स्विच, मग स्टोरेज, सगळ्यात शेवटी होस्ट

उलटं केलं तर मधल्या वेळात होस्ट मोठं बोलायला लागतात आणि स्विच ते टाकून देतो. वेळ ठरवून घ्या, कारण काही स्विच रीलोड मागतात आणि काहींवर एमटीयू बदलला की लिंक क्षणभर खाली जाते, आयस्कझी चालू असताना ते परवडत नाही. आमच्याकडे गुरुवारी कारखाने बंद असतात म्हणून हे काम गुरुवारीच धरतो. कॉन्फिगचा बॅकअप घ्या आणि कन्सोल केबल खिशात ठेवा.

सिस्को कॅटॅलिस्टचे जुने मॉडेल, २९६०, ३५६०, ३७५० वगैरे, यांच्यावर पोर्टनिहाय एमटीयू नसतो, अख्ख्या स्विचचा एकच. कॉन्फिग मोडमध्ये जाऊन सिस्टिम एमटीयू जंबो ९००० द्यायचं, आणि मग रीलोड, रीलोड झाल्याशिवाय लागू होत नाही. जंबोचा आकडा गिगाबिट पोर्टांना लागतो, १०० मेगाबिटच्या पोर्टांना साधा सिस्टिम एमटीयू लागतो आणि तो वेगळा असतो. परत चालू झाल्यावर शो सिस्टिम एमटीयू करून बघा. या मॉडेलांची एक सवय माहीत असलीच पाहिजे, हा आकडा रनिंग कॉन्फिगमध्ये लिहिला जात नाही, तो वेगळा एनव्हीरॅममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) बसतो. म्हणजे तुम्ही राइट केलं (कॉन्फिग सेव्ह केलं), कॉन्फिगची फाइल कॉपी करून ठेवली, उद्या दुसऱ्या बॉक्सवर ती चढवली, तर एमटीयू त्याच्याबरोबर येत नाही, हाताने परत टाकावा लागतो आणि परत रीलोड करावा लागतो. सिस्कोच्या मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे, पण ते पान कोण वाचतं.

नव्या कॅटॅलिस्टांवर, ३८५०, ९३०० वगैरे, सिस्टिम एमटीयू ९१९८ अशी एकच कमांड पुरते. रीलोड लागेल की नाही ते कमांड दिल्यावर स्क्रीनवर काय येतं ते वाचून ठरवा, घाईत पुढे जाऊ नका.

नेक्ससचं घराणं वेगळं. ९००० मालिकेवर सरळ इंटरफेसमध्ये जाऊन एमटीयू ९२१६ द्यायचं. पण जुन्या ५००० आणि ५५०० वर लेयर टूचा एमटीयू क्यूओएसमधून (ट्रॅफिकची प्राधान्यं ठरवणाऱ्या सेटिंगमधून) लागतो. नेटवर्क क्यूओएस प्रकारचा पॉलिसी मॅप बनवायचा, त्यात क्लास डीफॉल्टला एमटीयू ९२१६ द्यायचा, आणि मग सिस्टिम क्यूओएसमध्ये जाऊन तो मॅप लावायचा. यातली शेवटची पायरी विसरली की मॅप नुसता पडून राहतो. आणि या ५००० वर शो इंटरफेस केलं तर बदलानंतरही १५०० च दिसतो, तो बघून घाबरू नका, खरा आकडा शो क्यूइंग इंटरफेसमध्ये बघायचा. सिस्को यूसीएसच्या फॅब्रिक इंटरकनेक्टवाल्यांनीही हेच लक्षात ठेवा की तिथेसुद्धा एमटीयू क्यूओएसच्या क्लासमध्ये असतो.

ज्युनिपरच्या ईएक्सवर सेट इंटरफेसेस, मग इंटरफेसचं नाव, मग एमटीयू ९२१६. आयआरबीवर, म्हणजे व्हीलॅनच्या राउटिंगच्या इंटरफेसवर, आयपी असेल तर त्याच्या फॅमिली आयनेटखाली एमटीयू ९००० वेगळा द्या म्हणजे १४ बाइटच्या हिशोबात डोकं घालायला नको. आणि कमिट करताना कमिट कन्फर्म्ड ५ द्या, पाच मिनिटांत परत कमिट केलं नाही तर तो आपोआप जुन्या कॉन्फिगवर जातो. मला ही सोय इतकी आवडते की दुसऱ्या बॉक्सवर काम करताना तिची आठवण येते.

एचपी प्रोकर्व्ह आणि अरुबाचे जुने स्विच व्हीलॅनवर जंबो चालू करतात, व्हीलॅन २० मध्ये जाऊन नुसतं जंबो लिहायचं. शो व्हीलॅन्समध्ये जंबोचा रकाना असतो त्यात येस दिसलं पाहिजे. एक खोच अशी की एखादा पोर्ट एका जंबो व्हीलॅनचा सदस्य असला की त्या पोर्टवर येणारी मोठी फ्रेम स्विच आत घेतो, बाकीच्या व्हीलॅनची असली तरी, म्हणून ट्रंक पोर्टवर (अनेक व्हीलॅन एकत्र नेणाऱ्या पोर्टवर) कोणकोणते व्हीलॅन आहेत ते बघा. अरुबा सीएक्सवर मात्र इंटरफेसमध्येच एमटीयू ९१९८ द्यायचा.

मायक्रोटिक आपल्याकडे छोट्या ऑफिसात आणि गावोगावच्या केबलवाल्यांकडे भरपूर आहेत. तिथे आधी इंटरफेस प्रिंट करून मॅक्स एलटू-एमटीयूचा रकाना बघा, मॉडेलप्रमाणे तो बदलतो. मग त्याच्या आत राहून आधी एलटू-एमटीयू वाढवा, मग एमटीयू. ब्रिज (अनेक पोर्ट जोडून केलेलं एक नेटवर्क) असेल तर त्याच्या सदस्यांत ज्याचा एलटू-एमटीयू सगळ्यात लहान तोच ब्रिजचा होतो, म्हणून एक पोर्ट जरी राहिला तरी सगळं खाली येतं.

अनमॅनेज्ड स्विचला सेटिंगच नसतं. डब्यावर किंवा डेटाशीटमध्ये जंबो फ्रेम किती केबी ते लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर तो स्टोरेजच्या वाटेतून काढा.

पोर्ट चॅनल, स्टॅक आणि राउटिंग

पोर्ट चॅनलमध्ये एमटीयू चॅनलच्या इंटरफेसवर द्यायचा आणि सदस्य पोर्टांवर तोच आला का ते बघायचं. दोन्ही टोकांना. इथली चूक फार त्रास देते, कारण चार तारांपैकी एकाच तारेवर लहान एमटीयू राहिला तर ट्रॅफिक कुठल्या तारेवरून जाणार ते हॅशवर, म्हणजे पत्त्यांवरून काढलेल्या गणितावर, ठरतं, म्हणजे तीन होस्ट मस्त चालतात आणि चौथा अडकतो, आणि सगळे त्या चौथ्या होस्टलाच दोष देत बसतात.

स्विचवर व्हीलॅनचे आयपी इंटरफेस असतील आणि त्यातून मोठी पॅकेटं राउट होणार असतील तर आयपी एमटीयू वेगळा द्यावा लागतो. ओएसपीएफ (राउटरांनी एकमेकांना वाटा सांगायची पद्धत) चालू असेल तर दोन्ही बाजूंचा आयपी एमटीयू तंतोतंत सारखा पाहिजे, नाहीतर नेबर, म्हणजे पलीकडचा राउटर, एक्सस्टार्ट किंवा एक्सचेंज या स्थितीत अडकून बसतो. एमटीयू इग्नोर नावाची कमांड आहे पण ती लावून पुढे जायचं म्हणजे दुखणं झाकून ठेवायचं, मी लावत नाही, दोन्हीकडचे आकडेच सारखे करतो.

आता होस्ट

लिनक्सवर आयपी लिंक सेट डेव्ह, कार्डाचं नाव, एमटीयू ९०००, हे तात्पुरतं झालं, रीबूटनंतर जातं. कायमचं करायला नेटप्लॅनच्या फाइलमध्ये त्या कार्डाखाली एमटीयूची ओळ टाका किंवा एनएमसीएलआयने कनेक्शनमध्ये द्या. बाँड (लिनक्समधलं पोर्ट चॅनल) असेल तर बाँडवर द्या, सदस्य कार्डं आपोआप मागे येतात. व्हीलॅनचा इंटरफेस खालच्या कार्डापेक्षा मोठा होऊच शकत नाही, म्हणून आधी खालचं वाढवा.

व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय होस्टवर दोन जागा आहेत, व्हर्च्युअल स्विचचा एमटीयू आणि व्हीएमकर्नल पोर्टचा (होस्टच्या स्वतःच्या आयपी इंटरफेसचा, व्हीएमके) एमटीयू, दोन्ही बदला. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमधून कार्डाच्या अॅडव्हान्स्ड टॅबमध्ये जंबो पॅकेट ९०१४, आणि मग नेटएसएच इंटरफेस आयपीव्ही४ शो सबइंटरफेसेस करून तिथे ९००० दिसतोय का ते बघा.

तपासणी, आणि ती नीट करायची

९००० मधून आयपीचा हेडर २० आणि आयसीएमपीचा ८ वजा केला की ८९७२ राहतात, पिंगला हा आकडा द्यायचा. लिनक्सवर पिंग, मग डॅश कॅपिटल एम डू, डॅश एस ८९७२. विंडोजवर पिंग, डॅश एफ, डॅश एल ८९७२. ईएसएक्सआयवर व्हीएमके-पिंग, डॅश डी, डॅश एस ८९७२, आणि डॅश कॅपिटल आयने कुठल्या व्हीएमकेमधून पाठवायचं ते सांगायचं, नाहीतर मॅनेजमेंटच्या इंटरफेसमधून जाईल आणि तुम्ही भलतंच काहीतरी तपासाल.

डोण्ट फ्रॅगमेंटचा पर्याय विसरलात तर पिंग पास होईल आणि त्याला काहीही अर्थ नसेल, कारण होस्टचा एमटीयू १५०० असेल तर तो पॅकेटचे तुकडे करून पाठवतो आणि पलीकडे ते जोडले जातात. म्हणून मी ८९७३ चा एक पिंगही मुद्दाम सोडतो, तो फेल झालाच पाहिजे. झाला तर समजायचं की तपासणी खरी आहे.

उत्तर कसं येतंय त्यावरून दोष कुठे आहे ते कळतं. लगेच मेसेज टू लाँग असं आलं आणि सोबत एमटीयूचा आकडा आला, तर तुमचं स्वतःचं कार्ड लहान आहे. दुसऱ्याच कुठल्या आयपीवरून फ्रॅगमेंटेशन पाहिजे असा निरोप आला तर मध्ये राउटर आहे, जो बहुतेक तिथे नसायला पाहिजे होता. आणि काहीच आलं नाही, नुसता टाइमआउट, पण लहान पिंग चालतंय, तर मधला स्विच खातोय किंवा पलीकडचं कार्ड लहान आहे. मग वाटेतल्या प्रत्येक स्विचवर जायंट्स किंवा ओव्हरसाइजचा काउंटर बघत जायचं, ठरावीक संख्येचे पिंग सोडायचे आणि कुठला काउंटर तेवढ्यानेच वाढतो ते शोधायचं. लिनक्स होस्टवर हेच ईथटूल डॅश कॅपिटल एसने दिसतं. आकडा कुठे तुटतोय ते बघायला मधल्या साइज देऊन बघा, १४७२ च्या पुढे तुटलं तर १५०० चा स्विच, १९७२ च्या आसपास तुटलं तर २००० वाला, त्यावरून बॉक्स ओळखू येतो.

दोन्ही दिशांनी तपासा, होस्टवरून स्टोरेज आणि स्टोरेजवरून होस्ट, जाण्या-येण्याच्या वाटा वेगळ्या असू शकतात. पोर्ट चॅनल असेल तर एकेक तार बंद करून परत तपासा, कारण एकाच आयपीचं पिंग बहुतेक एकाच तारेवरून जात राहतं. हे कंटाळवाणं काम आहे पण गुरुवारी दुपारी केलेलं बरं.

पिंग पास झाल्यावर खरा लोड टाका, आयपर्फ (नेटवर्कचा वेग मोजणारं साधन) चालवा किंवा सरळ बॅकअपचा एक जॉब, आणि अर्ध्या तासाने सगळ्या पोर्टांचे एरर काउंटर बघा. ते शून्यावरच असले पाहिजेत. मग स्विचवर राइट, होस्ट एकदा रीबूट, आणि रीबूटनंतर परत ८९७२.

परत मागे यायचं झालं तर

क्रम उलटा. आधी होस्ट १५०० वर, मग स्टोरेज, आणि स्विच तर मी मोठ्यावरच ठेवतो, तिथे कमी करायचं कारण नसतं.

घरच्या कनेक्शनवर जंबोचा प्रयत्न करणाऱ्यांना एक सांगायचंय. बीएसएनएलच्या फायबरवर पीपीपीओई असतो, त्याचं ८ बाइटचं आवरण चढतं म्हणून तिथे एमटीयू १४९२ च असतो, १५०० सुद्धा नाही. घरात नॅस (नेटवर्कवरचं स्टोरेज) आणि पीसी यांच्यामध्ये जंबो करायचाच असेल तर दोघांना दुसऱ्या कार्डाने वेगळ्या नेटवर्कवर जोडा, राउटरच्या नेटवर्कला हात लावू नका. आणि फायरवॉलवर आयसीएमपी सरसकट बंद करून ठेवू नका, राउटरचा तो तुकडे करायचा निरोप त्यातच अडकतो आणि मग काही साइट अर्ध्याच उघडतात.

भोसरीच्या त्या रॅकवर आता दोन्ही स्विचच्या तोंडावर लेबल आहे, एमटीयू ९२१६, व्हीलॅन २०, तारीख. स्विच बदलल्यावर तपासायच्या यादीत पहिलीच ओळ ८९७२ च्या पिंगची आहे. आणि एका लिनक्स मशीनवर क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारी सोय) रोज संध्याकाळी सहाला, बॅकअप सुरू व्हायच्या बऱ्याच आधी, स्टोरेजच्या दोन्ही आयपींना ८९७२ चे पाच पिंग जातात, एक जरी चुकला तर मेल येतो. चार ओळींची स्क्रिप्ट आहे, स्विचला हात लावायच्या आदल्या दिवशीच लिहून ठेवा.